अकरा हात

भंडाऱ्याच्या तरणतलावाची फी महिन्याला चौदाशे,
डिपॉझिट वेगळं, टोपी वेगळी, चष्मा वेगळा,
अर्धं तिकीट धरूनही एसटीचे जाऊन-येऊन रोजचे साठ.
अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर
मी बेरीज मांडली, खाली दोन रेघा मारल्या
आणि भंगारवाल्याला विचारलं,
तेलाचे पाच लिटरचे डबे कसे दिले?

विसाला दोन.
झाकणांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून घट्ट पिळले,
सुतळीनं जोडले, पाठीला बांधले.
वय वर्षे त्रेचाळीस.
पंजाबी ड्रेस तीन दिवाळ्यांपूर्वीचा,
सलवारीला खाली इलॅस्टिक, ओढणीच्या जागी सहा पिना.

शिकवायला पार्बता मारबते.
शिंगाडे काढण्यात जन्म गेला तिचा,
बोटांचे ठसे काट्यांनी कधीच पुसून टाकले.
म्हणाली, "पैसे नोको माय.
बँकेतली मशीन माहा अंगठा घेतच नाई.
मी जित्ती आहो, येवढं कोठं तरी लिहून दे."
तिचा हयातीचा दाखला मी भरला.
तलाठ्याकडे दोन चकरा, तहसिलीत एक,
फोटो माझ्या पैशानं.

पहाटे, पाळीवर माणसं यायच्या आत.
माघातलं पाणी.
बोटांच्या फटींतून वर येणारा गाळ,
पोटऱ्यांना विळखा घालणारे कमळाचे देठ.
मी कंबरेपर्यंत गेले
आणि तिथंच आठ दिवस उभी राहिले.

पार्बता डोंग्यात बसून तंबाखू मळायची.
"काऊन झोंबून रायली पान्याले?
ते का तुही जाऊ आहे?"

नाकात पाणी गेलं की टाळूत मिरची फुटायची.
डबे मला पालथी पाडायचे.
एकदा तर नुसते डबेच तरले,
मी त्यांच्याखाली.

गावानं विचारलं, ह्या वयात कशाला?
जावेला सांगितलं, गुडघ्यांसाठी, डॉक्टर म्हणाला.
सरपंचबाईंना सांगितलं, उद्या पूर आला तर?
नवऱ्याला काहीच सांगितलं नाही.
त्यानं ओले केस पाहिले
आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

खरं कारण इतकं लहान आहे
की सांगताना लाज वाटते.
हाच तलाव, हीच पाळ, मी नऊ वर्षांची.
माझे भाऊ, काकाची पोरं
जांभळीवरून धडाधड उड्या टाकत
आणि मी खाली त्यांचे कपडे राखत बसलेली.
चड्ड्या, सदरे, एक भोवरा, एक तुटका करगोटा.
कुणाचं काय, सगळं पाठ असायचं मला.
कुणाचंच कधी काही हरवलं नाही.

एकविसाव्या दिवशी पार्बतानं एक डबा सोडला.
चोविसाव्याला दुसरा, न सांगता.
मला कळलं ते डबा माझ्यापुढून तरंगत निघाला तेव्हा,
आणि कळल्याबरोबर मी बुडाले.
तिनं केसांना धरून वर ओढलं.
"सोताले कळूच नोको देऊ ना व," म्हणाली.

आता मी अकरा हात जाते.
बाराव्याला दम सरतो, पाय गाळ शोधू लागतात.
अंगणवाडीतल्या पोरांकडून
पन्नासपर्यंत घोकून घेते रोज,
पाण्यात मात्र मला अकराच्या पुढचं येत नाही.
तरी मोजते, मोठ्यानं,
तोंडात पाणी येईस्तोवर.

काल पाळीवर माझे कोरडे कपडे ठेवले होते,
वहाणा, अंगणवाडीची किल्ली,
घडी घालून ओढणी.
जवळ कुणीच नव्हतं.
एक शेळी हुंगत हुंगत आली.
मी सातव्या हाताला होते.

म्हटलं, खाऊ दे.